खंड्याच्या छातीवरचा डाग

मला हात नाहीत, म्हणून काठ वर उचलून शपथ घेतो: मी पडदा बोलतोय आणि यापुढे जे बोलेन त्यातला धागा न् धागा खरा आहे. भिवंडीच्या ज्या मागावर माझा जन्म झाला, त्या मागाची शपथ.

आता तो माग नेमका कुठला, ते विचारू नका. एका छपराखाली पुष्कळ माग एकदम खडखडत होते आणि नुकत्या जन्मलेल्या कापडाला आपली आई ओळखता येईल एवढी शांतता तिथे नव्हती. शिवाय जन्मलो तेव्हा मी पडदा नव्हतोच. साधं मांजरपाट होतो. म्हणजे पहिल्याच वाक्यात थोडं इकडचं तिकडे झालं. बाकी सगळं खरं.

माझ्या अंगावर ब्लू व्हेल येऊन गेलाय. पूर्ण मावला नाही. शेपूट हॉलच्या बाहेर, मागच्या केळीच्या वाडीत जाऊन पडली आणि दोन घड मोडले. हत्ती येऊन गेलेत. बर्फातला बिबट्या आला तेव्हा पहिल्या रांगेतल्यांनी शाली ओढून घेतल्या. एवढं सगळं अंगावर घेऊनही मी आज कापडाच्या हिशेबाने नुसता मध्यमवयीन आहे. म्हणजे मध्ये विरळ आणि कडेला जाड.

पण ही गोष्ट माझ्या पराक्रमाची नाही. वसईजवळच्या पापडी गावच्या विद्याधर सरांची व्याख्यानं बंद पडायची वेळ आली होती, आणि त्यांच्या बायकोने, जयवंतीने, माझ्या जिवावर काय केलं, त्याची आहे.

कामणच्या एका गोदामात अंधारात पडून राहिल्यावर मी वसईच्या बाजारात आलो. तिथून जयवंतीने मला आणलं, ते सुकेळ्यांवर टाकायला. सुकेळी म्हणजे सोलून उन्हात वाळवलेली केळी. त्यांच्यावर माश्या बसू नयेत म्हणून वर पांढरं फडकं. गोड वासात दिवसभर ऊन खात पडून राहायचं, संध्याकाळी घडी होऊन घरात जायचं. याहून चांगली नोकरी मी पुढे पाहिली नाही.

ती घालवली सरांनी. वाडीतून केळीचा ताजा घड कापून आणला आणि नेमका माझ्यावर ठेवला. घडाच्या दांड्यातून चीक ठिबकला. तेव्हा तो पाण्यासारखा होता. दुसऱ्या दिवशी तांबूस झाला आणि मग काळपट तपकिरी.

"अहो, हे काय केलंत? नवं फडकं!"

"चीक तर आहे. निघेल."

"केळीचा चीक निघतो? वाडीवाल्याचा मुलगा ना तुम्ही? शाळेत पोरांना काय शिकवलंत इतकी वर्षं?"

सरांनी शाळेत जीवशास्त्र शिकवलं होतं आणि ते नुकतेच निवृत्त झाले होते.  जयवंतीने मला लिंबू लावलं, ताक लावलं, सोड्यात बुडवलं, उन्हात घातलं. मी स्वच्छ झालो, डागही स्वच्छ झाला, पण जागचा हलला नाही. माझ्या डाव्या अंगाला, मध्यापासून हातभर अंतरावर, अजून तसाच आहे.

त्याच सुमारास सरांनी पापडीच्या वाचनालयात निसर्गाचे वर्ग सुरू केले. ते फक्त मोठ्यांसाठी. लहान मुलांना आत घ्यायचं नाही असा त्यांचा नियम होता. लोक भांडायला आले.

"प्राण्यांचं सांगणार आणि पोरांनाच बंदी?" हिरामण म्हणाला. त्याची मोगऱ्याची वाडी शेजारीच आहे.

"तुझ्यासाठीच बंदी आहे," सर म्हणाले. "मोठ्या माणसांना प्रश्न विचारायची लाज वाटते. मग ते पोराला पुढे करतात. 'विचार रे, साप दूध पितो का विचार.' माझ्याकडे ज्याला विचारायचंय त्याने आपल्या तोंडाने विचारायचं."

हिरामणने डोकं खाजवलं. मग म्हणाला, "पितो का?"

"शनिवारी ये. सांगतो."

हॉलच्या भिंतींना हिरवा ऑइलपेंट होता. पहिल्या दिवशी त्या भिंतीवर चित्र टाकलं तर वाघ हिरवा, मोर हिरवा, सगळं जंगल कावीळ झाल्यासारखं. सर तसेच उठले, घरी आले, दोरीवरून मला ओढलं आणि घेऊन गेले. मागून जयवंतीचा आवाज येत होता, "माझं फडकं!"

त्या दिवसापासून ती प्रत्येक वर्गाला शेवटच्या रांगेत येऊन बसायला लागली. कोणी विचारलं तर म्हणायची, "मी नाही बाई ऐकायला येत. फडकं घरी न्यायला येते." प्रश्न तिने कधी विचारला नाही. पण दिवे मालवले आणि सरांचा आवाज सुरू झाला की तिच्या हातातलं विणकाम थांबायचं. अंधारात तिचं तोंड मला दिसायचं. माझ्यावरचा उजेड तिच्या चष्म्यात उतरलेला असायचा, आणि त्या दोन काचांमध्ये दोन छोटे समुद्र हलत असायचे.

ती संध्याकाळ कशी असते, ते सांगायला शब्द पुरत नाहीत. दिवा मालवला की आधी मी कोणीच नसतो. मग उजेड येतो आणि मी काहीतरी होतो. कधी खारफुटीचा चिखल होतो आणि माझ्यावरून खेकडे चालतात. कधी मुंगीचं डोकं होतो, हॉलएवढं. पंख्याच्या वाऱ्याने मी जरासा हललो की हत्ती श्वास घेतो, आणि समोरची माणसं नकळत त्याच्याबरोबर श्वास घेतात. दिवसभर घर, नोकरी, वाडी करून आलेली ही माणसं. ती तोंड उघडी टाकून बघत राहतात, आणि त्या वेळी त्यांचं वय कोणी सांगू शकणार नाही.

माझा डाग प्रत्येक चित्रात यायचा. वाघाच्या कानावर, व्हेलच्या पोटावर, पूर्ण चंद्रावर. सरांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, "डावीकडचा ठिपका केळीचा आहे, प्राण्याचा नाही." सगळे हसले होते. फक्त गॉडफ्रे तेव्हा हजर नव्हता. बेकरी मुलाच्या हातात देऊन मोकळा झालेला हा माणूस प्रत्येक वर्गाला उशिरा यायचा, खांबाआड बसायचा आणि अंधारातच काहीतरी चघळायचा. त्याने निसर्ग जो शिकला तो डागासकट शिकला.

काही वर्षं अशी छान गेली. मग एका वर्गाला विचित्र गोष्ट घडली. चित्रं लावायचं काम रुचिता करते. ती बँकेत आहे, शनिवारी लॅपटॉप घेऊन येते. त्या दिवशी तिच्याकडून एक चित्र पुढेमागे झालं. माझ्यावर आला बेडूक, ढब्बू, डोळे वटारलेला. आणि सर त्याच्याकडे हात करून म्हणाले, "हिचं वैशिष्ट्य असं, की ही पिल्लाला पोटाशी धरून उडते."

सगळा हॉल हसला. सर त्या बेडकासमोर वटवाघळीचं पुढचं सांगत राहिले. रुचिताने घाईघाईने चित्र बदललं आणि लोकांना वाटलं, सर मस्करी करतायत.

शेवटच्या रांगेत जयवंती हसली नाही. सर निसर्गाची मस्करी करत नाहीत, हे तिला माहीत होतं.

घरी जाताना सर म्हणाले, "तो डाग वाढलाय. तू कशात धुतेस त्याला?"

"नेहमीच्याच साबणात. डाग कसा वाढेल?"

"वाढलाय. मधोमध आलाय."

तिने मला उलगडून पाहिलं. मी होतो तसाच होतो. मी ओरडून सांगितलंही, पण कापडाचं ओरडणं म्हणजे फार तर फडफड.

पुढच्या रविवारी सकाळी सगळे बावखलावर गेले. बावखल म्हणजे आमच्याकडच्या वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. चित्रात पाहिलेलं प्रत्यक्ष दाखवायचं, म्हणून सर वर्षातून एकदा तिकडे नेतात. मी होतो पिशवीत, नाश्त्याच्या वेळी अंथरायला. एलिसाने फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोड गोळे, आणले होते. ही पूर्वी नर्स होती. आता निवृत्त आहे, पण अजून कोणीही खोकलं की मागे वळून बघते.

पाण्यावर वाकलेल्या फांदीवर खंड्या येऊन बसला. निळी पाठ, तपकिरी पोट, पांढरी स्वच्छ छाती. सगळे श्वास रोखून बघायला लागले. गॉडफ्रेने फुगा तोंडातच ठेवून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सर, हा ओरिजिनल नाय."

"काय?"

"खंड्याच्या छातीवर ठिपका असतो. याला कुठाय? हा दुसराच कुणी."

अशी हसाहस झाली की खंड्या सोडून सगळे पक्षी उडाले. "अरे, तो केळीचा डाग!" हिरामण पोट धरून म्हणाला. "इतकी वर्षं तू केळीचा डाग पाठ केलास? आता म्हणशील पानीतल्या माशालापन ठिपका पायजे!"

"माशाला असतोच की," गॉडफ्रे खरोखर गोंधळून म्हणाला. "मी पाहिलाय."

त्या हसण्यात सर म्हणाले, "आहे की ठिपका. छातीवर. नीट बघा ना, केवढा मोठा आहे."

लोक आणखी हसले. मग एकेक जण गप्प झाला, कारण सर हसत नव्हते. ते खंड्याकडे सरळ बघत होते, डोळे बारीक करून, आणि बोटाने दाखवत होते.

जयवंतीने हातातला डबा खाली ठेवला.

एलिसा उठली. अगदी सहज, जणू चहाच विचारायला आली, अशी सरांजवळ आली. "सर, एक डोळा झाका. आता त्या कुंपणाचे गज बघा. सरळ दिसतात?"

"मधले वाकलेत," सर म्हणाले. "कोणी वाकवले?"

कोणी वाकवले नव्हते. एलिसाने जयवंतीकडे बघितलं. "जयवंतीबाय, उद्याच डॉक्टरकडे. परवा नाय, उद्या."

डोळ्यालाही आत पडदा असतो, हे मला तेव्हा कळलं. सरांच्या त्या पडद्याचा मधला भाग खराब झाला होता. डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केली. पुढे जायचं ते थांबेल म्हणाले, पण गेलेलं परत यायचं नाही. ज्या गोष्टीकडे सर सरळ बघतील, तिच्यावर काळपट डाग. कडेचं तेवढं दिसेल.

कितीतरी दिवस त्यांना मधलं दिसत नव्हतं, आणि दोष माझ्या डागावर ढकलून ते लपवत होते. चित्रांचा क्रम पाठ होता, त्यावर व्याख्यानं चालवत होते. एका बेडकाने घात केला.

सरांनी ओसरीवर बसून सांगून टाकलं, "जयवंती, वाचनालयात निरोप दे. वर्ग बंद."

"का?"

"चित्रातलं महत्त्वाचं नेहमी मध्ये असतं. ते मला दिसत नाही."

"कडेचं दिसतं ना?"

"दिसतं."

"मग कडेचं सांगा."

"लोक काय कडा ऐकायला येतात?"

 मी दोरीवर वाळत होतो. तिने मला हातात घेतलं, घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मला वाटलं, आता परत सुकेळी. खरं सांगतो, आनंद झाला पाहिजे होता, झाला नाही. मी एकदा समुद्र झालेलो होतो. केळ्यांवर पडून मला आता झोप आली नसती. आणि तिच्या चष्म्यातले ते दोन समुद्र पुन्हा कुठून आणायचे?

निरोप द्यायला ती गेली आणि हसऱ्या तोंडाने परत आली.

"दिलास निरोप?"

"दिला. शनिवारी दिवेलागणीला वर्ग. आपल्या वाडीत."

सर ताडकन उठले. "मी बंद म्हणालो होतो!"

"मला ऐकू कमी येतं."

"कधीपासून?"

"तुम्हाला दिसत नाही तेव्हापासून."

"विषय काय सांगितलास?"

"पडद्यावर जे येईल ते."

शनिवारी तिने मला दोन पोफळींच्या मध्ये बांधलं. हिरामणने समोर एक मोठा दिवा लावून दिला. लॅपटॉप नाही, चित्र नाही. चटयांवर सगळे बसले. गॉडफ्रे पहिल्यांदाच वेळेवर आला आणि खांब नसल्यामुळे अवघडून पुढेच बसला. अंधार झाडांवरून हळूहळू खाली उतरला. मोगऱ्याचा वास आला. मी उजळलो आणि नेहमीसारखा कोणीच नसलेला झालो, पण या वेळी काही येईना. सर खुर्चीत मान घालून बसले होते. 

मग माझ्या कोपऱ्याशी काहीतरी धडकलं. गेलं. पुन्हा आलं. गोल गोल फिरायला लागलं.

आणि जयवंतीने आयुष्यातला पहिला प्रश्न विचारला. आपल्या तोंडाने. शेवटच्या चटईवरून.

"अहो सर, हे पतंग दिव्याकडे का येतात?"

ती त्यांना 'सर' म्हणाली म्हणून बाकीचे वळून बघायला लागले. सरांनी मान वर केली.  मग त्यांचा तो आवाज आला, हॉलमधला, अंधारातला.

"त्यांना दिव्याचं वेड असतं म्हणतात. पण अलीकडे असं दिसून आलंय की तसं नसावं. पतंग उडतो तेव्हा उजेडाकडे पाठ करून उडतो. लाखो वर्षं रात्रीचा उजेड म्हणजे वरचं आभाळ. पाठ तिकडे ठेवली की आपण सरळ आहोत, एवढं त्याला पुरायचं. आपण मध्येच दिवा लावतो. त्याला वाटतं आभाळ इथे आहे. तो पाठ वळवतो, पुन्हा वळवतो आणि फिरत राहतो. तो येत नाही, अडकतो."

"म्हणजे चूक त्याची नाही," जयवंती म्हणाली.

"नाही. आभाळच हललंय त्याच्यासाठी."

 मग जयवंती पुढे येऊन माझ्याशेजारी उभी राहिली आणि जे जे येईल ते सांगायला लागली. "हा सुपारीएवढा. पंख छपरासारखे मिटलेत. कडेला करंजीसारखी मुरड." सर ओळखायचे, त्याचं अळीपण सांगायचे, तो कुठल्या पानावर वाढतो ते सांगायचे. चुकायचेही. मग एलिसा म्हणाली, "सर, सरळ बघू नका. इकडे पोफळीकडे बघा आणि कडेने दिसतंय का ते सांगा." सरांनी मान वळवली. जणू माझ्यावर रुसलेत, असं तिरकं बघायला लागले.

आणि तेव्हा तो आला. तुंगारेश्वरच्या डोंगरावरून थेट. फिकट पोपटी, तळहाताहून मोठा, खाली दोन लांब शेपट्या. चंद्राच्या नावाने ओळखला जाणारा पतंग. सगळी वाडी पोपटी झाली. तो दोनदा फिरला आणि नेमका माझ्या डागावर बसला. सर पोफळीकडे बघत उठले आणि म्हणाले, "आला!" गॉडफ्रेने टाळ्या वाजवल्या.

वर्ग अजून चालतात. चांगल्या हवेत वाडीत, पावसाळ्यात हॉलमध्ये. सर आता लोकांकडे पाठ फिरवल्यासारखे उभे राहतात आणि डोळ्याच्या कडेने शिकवतात. मी आणखी विरळ झालोय. जोराचा वारा सोसत नाही, घडी हळू घाला, एवढंच माझं मागणं. परवा हिरामण जयवंतीला सांगत होता, "वैनी, नवी पावडर आलीय. केळीचा चीकपन जातो म्हनतात."

ती मला दोरीवर पसरत होती. म्हणाली, "नको रे. त्यांना बघायला खूण लागते."

आता जाता जाता काठ पुन्हा एकदा वर उचलतो. व्हेलच्या शेपटीने घड मोडले नव्हते. ते माकडांनी मोडले. आणि तो पोपटी पतंग आला नव्हता. तो मी रचला. इतक्या लोकांसमोर, इतक्या अंधारात, काहीतरी मोठं यायला हवं होतं असं मला वाटतं.

आला होता तो कोंड्याच्या फोलपटाएवढा, मातकट, नाव नसलेला. तो बसला कुठेतरी खाली, कोणी पाहिलाही नाही. सर पोफळीकडे बघत होते. मग हळूच, फक्त शेजारी उभ्या असलेल्या तिला ऐकू जाईल असं म्हणाले, "जयवंती, तुझ्या फडक्यावरचा डाग दिसला गं."

"कुठे?"

"डावीकडे. होता तेवढाच आहे. वाढला नाही."

हे मात्र मी रचलेलं नाही.